खारीचा पाट

डॉग अ‍ॅजिलिटी, म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत, म्हटलं की लोक उड्यांचे व्हिडिओ पाठवतात. कुत्रा हवेत, मागे हिरवंगार मैदान. माझं म्हणणं, पहिले काही महिने उडीचं नावच काढू नका. आमच्या खारीचा श्रीगणेशा झाला तो पाटावर.

खारी गावठी. एक कान उभा, एक आडवा, रंगावरून नाव. "असले खेळ बॉर्डर कोलीसारख्या विलायती कुत्र्यांनी करावेत," असं एका गृहस्थांनी मला ऐकवलं. कोली चपळ असतात, वाद नाही. पण २०२४ साली न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅजिलिटी स्पर्धेत निंबल नावाची मिश्र जातीची कुत्री पहिली आली. (ती निम्मी बॉर्डर कोली होती, हे मी त्या गृहस्थांना सांगितलेलं नाही.) आणि मुळात हा खेळ निघाला तोच करमणूक म्हणून. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात मधल्या वेळात प्रेक्षकांना गुंतवून ठेवायला काहीतरी हवं होतं, म्हणून घोड्यांच्या शो जंपिंगच्या धर्तीवर तो बसवला.

तर पाट. या खेळात चढउताराच्या फळ्या असतात. फळीच्या टोकाचा साधारण ९० सेंटीमीटरचा भाग वेगळ्या रंगाचा असतो आणि उतरताना कुत्र्याचा पंजा तिथे पडावाच लागतो. वरूनच झेप घेतली तर गुण जातात, शिवाय खांद्यांना हिसका बसतो तो वेगळाच. म्हणून मागचे दोन पाय फळीवर आणि पुढचे दोन जमिनीवर ठेवून थांबायला शिकवतात. हे शिकायला फळी कशाला हवी? खारीला पाटावर उभं केलं, उकडलेल्या कलेजीचा तुकडा मुठीत धरून मूठ जमिनीलगत नेली. पुढचे पाय खाली आले, मागचे पाटावरच राहिले, की लगेच "हो!" आणि खाऊ. खाऊ तिच्या पुढच्या पंजांच्या मध्ये, जमिनीवरच ठेवायचा. वरून दिला की मान वर होते आणि मागचे पाय घसरून खाली येतात. एवढीशी गोष्ट, पण सगळं तिच्यावर अडतं.

सासूबाई कडाडल्या, "सणावाराला बसायचा पाट तो, त्यावर कुत्रं?" मी खारीसाठी दुसरा पाट आणला. आता दुपारी मी ऑफिसात असताना सासूबाईच मारी बिस्किटावर तिचा सराव घेतात, आणि माझ्यापेक्षा कडक मास्तर आहेत.

अडथळे घरीच केले. पीव्हीसीचे पाईप आणि ते जोडायचे एल्बो, टी. दुकानदाराने विचारलं, "ताई, टाकीला का?" आडवा पाईप चिकटवायचा नाही, नुसता टेकवायचा, पाय लागला तर तो पडलाच पाहिजे. आमचा सध्या जमिनीवरच असतो. हाडांची वाढ पूर्ण व्हायला कुत्र्याच्या आकारमानानुसार वर्ष ते दीड वर्ष लागतं. तोवर उंच उड्या नाहीत, हे डॉक्टरांनी बजावलंय. बोगदा मुलांच्या खेळातला, आधी दाबून हातभर लांबीचा केलेला. पलीकडून मी डोकावले की ती सुसाट आत शिरते. काठ्यांमधून नागमोडी जाणं मात्र चिकाटीचं काम. स्पर्धेत १२ काठ्या असतात, एकमेकींपासून ६० सेंटीमीटरवर, आणि पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याला यावी लागते. आम्ही बांबूच्या दोन रांगा करून मधून सरळ वाट ठेवलीय. ती हळूहळू अरुंद करायची. घाई केली की कुत्रं काठी टाळून पळतं.

गच्चीवर पळवू नका. फरशीवर पाय निसटतात आणि उन्हाळ्यात ती तापते. माती किंवा गवत हवं. आम्ही उजाडतानाच शाळेच्या मैदानावर जातो आणि पाच-दहा मिनिटांत आवरतो. "अजून हवं" असं खारीच्या तोंडावर दिसत असतानाच थांबायचं.

खरी शिकवणी माणसाची असते. कुत्रा तुमच्या शब्दांपेक्षा खांदे आणि पावलं जास्त बघतो. मी तोंडाने "आत!" म्हणते, पण पाय पाईपकडे वळलेले असतात. मग ती पाईपवरूनच जाते, आणि बरोबरच करते. स्पर्धकही आधी कुत्र्याशिवाय रिंगणात चालून कुठे वळायचं ते पाठ करतात. मीही तसंच हात पसरून, स्वतःशी पुटपुटत मैदानात फिरते. शाळेच्या वॉचमनकाकांनी दोन दिवस लांबून पाहिलं, तिसऱ्या दिवशी जवळ येऊन विचारलं, "मॅडम, काही हरवलंय का?"

सी-सॉ बाकी आहे. तिथे कुत्रे उंचीला घाबरत नाहीत तेवढे फळी आपटल्याच्या आवाजाला घाबरतात. म्हणून मी फळीखाली एक वीट ठेवलीय आणि जिथे फळी आपटते तिथे जुनी गादी. खारीने पंजाने फळी दाबली, धप्प झालं, की खाऊ. गादी रोज थोडी बाजूला सरकवतेय. हल्ली तीच आपणहून फळी आपटते आणि माझ्याकडे बघते. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आल्यापासून हा कार्यक्रम आम्ही पार्किंगमध्ये हलवलाय.