खवट खोबरं

आमचं कोल्हापुरात चटणी कांडपाचं दुकान आहे. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते. मिरची गिऱ्हाईक आणतं, बेडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. खोबरं, धने, तीळ भाजून द्यायचं काम आमचं. या भाजण्याला घड्याळ नसतं. धूर दिसला म्हणजे उशीर झाला, असं वडील म्हणायचे. त्यांनी मला सगळं नाकानं शिकवलं.

सप्टेंबर २०२० मध्ये एका सकाळी चहा म्हणजे नुसतं गरम गोड पाणी लागलं. नाक चोंदलेलं नव्हतं. वास-चव जाणं जूनमध्येच कोरोनाच्या लक्षणांच्या सरकारी यादीत आलं होतं, म्हणून स्वॅब दिला. पॉझिटिव्ह. ताप दोन दिवसांत उतरला, वास काही परत आला नाही.

हे मी घरातही कुणाला बोललो नाही. चटणीवाल्याचं नाक गेलं असं गल्लीत झालं तर दारात कोण उभं राहील? शिवाय मिरची उखळात पडली की मला पहिल्यासारख्याच शिंका यायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं. म्हणजे नाक चालू आहे, अशी मी स्वतःची समजूत काढली.

मार्च २०२१. आदल्या वर्षी ऐन सीझनमध्ये लॉकडाऊन लागल्यामुळं एक पोतं खोबरं तसंच पडून होतं. आक्का पाच किलो मिरची घेऊन आल्या. मी पोतं उसवलं, वाटी फोडली, रंग बघितला, तुकडा चघळला. गोडसर लागला. भाजलं, घातलं उखळात. परातीत चटणी काढल्यावर आक्कांनी चिमूट नाकाजवळ नेली आणि परत खाली टाकली.

"आरं, खवाट मारतंय की हे!"

"न्हाई वो आक्का," म्हणत मी मूठभर चटणी नाकाशी धरली. आग झाली, शिंक आली, बाकी काही नाही. रांगेतल्या बायका एकेक करून परातीवर वाकल्या आणि तोंडं फिरवून मागं झाल्या. तेवढ्यात माडीवरून आई उतरत होती. अजून निम्म्या जिन्यातच होती, तिथूनच ओरडली, "ते जुनं खोबरं कुणी काढलं?"

मिरचीचे पैसे भरून दिले. पण आक्कांनी ती मिरची आठ दिवस उन्हात वाळवली होती, त्याचं काय भरून देणार?

मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं गेलो. मिरचीचा ठसका वासाच्या नसेतून जातच नाही म्हणे. चेहऱ्याला आग, टोचणं कळवणारी नस वेगळी, तिचं ते काम. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी, म्हणजे मटणाच्या रश्श्याची ती भरीव चव, एवढंच कळतं. खवटपणा ओळखायचा तो नाकानंच. त्यांनी सकाळ-संध्याकाळ गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हुंगायला सांगितलं. त्यातली लवंग बरणी भरून माझ्याच दुकानात होती, आणि मला ती लाकडाच्या तुकड्यासारखी.

जुलैत लवंग आली, फार लांबून. त्यामागोमाग कांदा आला, पण जळक्या टायरसारखा. नस पुन्हा जुळताना असं होतं, घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले. कांदा भाजायला घेतला की मी रस्त्यावर जाऊन उभा राहायचो.

पुढच्या सीझनला आक्का आल्या. मिरचीची पिशवी माझ्यापुढं ठेवली, खोबऱ्याची बगलेतच धरली आणि जिन्याकडं तोंड करून आईला हाक मारली.