कूलरच्या पंख्यावर गाडीवरून हवा कशी वाहते ते बघायचं

गाडीच्या छोट्या मॉडेलवरून हवा कशी जाते ते धुराने बघायचं, पण अगरबत्ती नको. तिचा धूर गरम असतो भो, तो सरळ वरच पळतो, गाडीच्या मॉडेलवरून जातच नाही. त्यापेक्षा मेडिकलमधलं ग्लिसरीन, थोडं पाणी, त्यात भिजवलेली कापसाची वात आन धूर काढायला तिच्याभोवती बॅटरीवर तापवलेली नायक्रोमची (हीटरमधली असते तशी) तार. तार लालबुंद करू नका, ग्लिसरीन जळलं की अ‍ॅक्रोलीन नावाचा झोंबरा वायू निघतो, डोळे चुरचुरतात, खिडकी उघडी पाहिजेच. जळगावात कूलर घरोघरी, त्याचा पंखा मॉडेलच्या मागे ठेवून हवा ओढायची, ढकलायची नाही, कारण पंख्यापुढची हवा गोल फिरत येते. मॉडेलच्या पुढे स्ट्रॉ एकावर एक रचून केलेली जाळी, म्हणजे हवा सरळ येते. मग बघा, धुराची रेघ बोनेटला चिकटून येते, काचेच्या बुडाशी जराशी उचलते, छतावरून गुळगुळीत जाते आणि डिकीपाशी सुटून भोवरेच भोवरे! हायवेला बरंच पेट्रोल तिथंच जातं. धुराच्या पलीकडे काळा कागद लावा, टॉर्च बाजूने मारा, रेघ एकदम उठून दिसते.