एका उकारापायी बारा दिवस

आमची शेतकरी उत्पादक कंपनी मिरज तालुक्यातली, माल हळद पावडर. पुण्याच्या एका खरेदीदाराशी पुरवठ्याचा करार गूगल डॉक्सवर करायचा ठरला, संचालकांना वाचता यावा म्हणून मराठीत. भाव, वाहतूक, पेमेंट सगळं चार दिवसांत उरकलं. ओलाव्याच्या कलमावर आबा, म्हणजे आमचे अध्यक्ष, जरा अडले. पण पावडरीत १० टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही हा सरकारी नियमच, त्यामुळे ते कमेंटमध्येच मिटलं.

मग मंजुरी. त्यांच्या ऑफिसनं फाइल मेनूतल्या अप्रूव्हल्समधून त्यांच्याच तिघांना विनंती पाठवली. खरेदी आणि गुणवत्तावाल्यांनी लगेच होकार दिला. कायदा विभागाचे साहेब मात्र रोज 'बघतो' म्हणायचे.

सहाव्या रात्री सहज डॉक उघडलं, तर पहिल्याच पानावर 'राजापूरी हळद'. २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद, आणि तिच्या वाणाचं नाव असं! उकार ऱ्हस्व केला नि झोपलो.

सकाळी खरेदीच्या मॅडमचा फोन. "तुम्ही काय बदललंत? आमच्या मंजुऱ्या उडाल्या."

"मॅडम, नुसता उकार हो."

"सिस्टिमला उकार काय नि भाव काय, सारखंच."

खरंच तसं आहे. मंजुरी चालू असताना मजकूर बदलला की सगळ्यांनी नव्यानं होकार द्यायचा. विनंती पाठवतानाच फाइल लॉक करता येते, पण ते त्यांनी केलं नव्हतं. बोलणी मात्र मी खाल्ली. त्यात गुणवत्तावाले रजेवर. आबा रोज संध्याकाळी मार्केट यार्डातून फोन करायचे, "झालं का रं?"

शेवटी कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एच दाबून व्हर्जन हिस्टरी, म्हणजे बदलांची नोंद उघडली, एकच अक्षर रंगलेलं दिसत होतं. त्याचा स्क्रीनशॉट तिघांना पाठवला तेव्हा साहेब हलले. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. आणि हो, कमेंटमध्ये ॲट लावून ईमेल टाकला की काम त्याच माणसाच्या नावावर लावता येतं; त्याशिवाय जो तो दुसऱ्याची वाट बघतो.

बाराव्या दिवशी मंजुरी आली. प्रिंट काढली, आबांनी सही केली. पानं चाळताना चौथ्या पानावर पुन्हा 'राजापूरी' दिसलं. मी गुपचूप पान उलटलं.