मुलाखतीतला पहिला प्रश्न रेझ्युमेतच असतो

आमच्या हिशेब विभागात माणसं घ्यायची असली की अर्जांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो. वाचताना हातात पेन्सिल असते. जिथे काही विचारावंसं वाटतं तिथे मी रेघ ओढते आणि मुलाखतीत त्या रेघांवरूनच बोलणं सुरू होतं. काही रेझ्युमे मात्र शेवटपर्यंत वाचले तरी पेन्सिल कुठेच टेकत नाही. माणूस कामाचा असेलही, पण त्याला विचारायचं काय? आणि विचारायला काही नसेल तर गठ्ठ्यातल्या इतरांना सोडून त्याला बोलवायचं कशाच्या आधारावर? असा अर्ज बाजूला ठेवताना मला वाईट वाटतं. त्यातल्या कित्येकांकडे सांगण्यासारखं असणार, फक्त ते कागदावर उतरलेलं नसतं.

‘मेहनती, प्रामाणिक, दडपणाखाली काम करण्याची क्षमता’ यात खोटं काही नाही. पण नाव बदललं तरी ही ओळ कोणालाही लागू पडते. पहिल्या पानावरची सगळ्यात मोक्याची जागा अशा ओळी खाऊन टाकतात. लॅडर्स या नोकऱ्यांच्या संकेतस्थळाने 2018 मध्ये भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग काढून पाहिला होता. पहिल्या वाचनात एका रेझ्युमेवर नजर सरासरी 7.4 सेकंद टिकली. मी त्याहून जास्त वेळ देते, पण वरचा तिसरा हिस्सा कोरा गेला तर खालचं वाचण्याची ओढ माझीही कमी होते.

नोकरी बदलायला निघालेल्या भाचीने मला तिचा रेझ्युमे पाठवला. अनुभवाची पहिलीच ओळ होती, ‘येणी वसुलीचे काम पाहिले.’ मी फोन लावला.

‘‘म्हणजे नेमकं काय करायचीस?’’

‘‘फोन करायचे गं मावशी, मेल पाठवायचे.’’

‘‘मग यायचे पैसे?’’

‘‘आधी नाही यायचे. मग लक्षात आलं, बऱ्याच बिलांवर पर्चेस ऑर्डरचा नंबरच नसायचा. समोरच्यांच्या सिस्टिममध्ये बिल चढायचंच नाही. म्हणून बिल बाहेर जायच्या आधीच मी तो नंबर तपासायला लागले. मग सुटले पैसे.’’

पर्चेस ऑर्डर म्हणजे गिऱ्हाईकाने दिलेली लेखी खरेदी-मागणी. हे सगळं तिला लिहिण्याजोगं वाटलंच नव्हतं! रोजचं काम म्हणून सोडून दिलेलं. आम्ही ती ओळ नव्याने लिहिली: ‘बिलांवर पर्चेस ऑर्डर नंबर नसल्याने पैसे अडकत असल्याचे शोधले, बिल पाठवण्याआधीची तपासणी सुरू केली, 90 दिवसांहून जुनी थकबाकी वर्षभरात निम्म्यावर आली.’ ‘निम्म्यावर’ हा शब्द लिहिण्याआधी मी तिला जुने अहवाल आठवून खात्री करायला लावली. ही ओळ वाचणारा ‘तुमच्या हे लक्षात कसं आलं?’ असं विचारणारच, आणि त्याचं उत्तर तिच्याइतकं चांगलं दुसरं कोणी देऊ शकत नाही.

रेझ्युमेतली ओळ तपासायची माझी हीच रीत आहे. ती वाचून समोरचा काय विचारेल आणि तो प्रश्न आपल्याला हवा आहे का? प्रश्नच उठत नसेल तर ओळ अपुरी आहे. प्रश्नाने पोटात गोळा येत असेल तर ती काढून टाकावी. ‘एक्सेलमध्ये प्रावीण्य’ लिहिणाऱ्याला मी पिव्होट टेबल, म्हणजे लांबलचक यादीचा गोषवारा काढणारा तक्ता, कशासाठी वापरलं ते विचारते. दुसऱ्या प्रश्नाला गाडी अडते, आणि मग इतर खऱ्या ओळींवरचाही माझा विश्वास डळमळतो. ‘आम्ही नवी प्रणाली बसवली’ या वाक्यातही तुमचा वाटा किती ते स्पष्ट लिहा. जुनी माहिती नव्या प्रणालीत भरून ताळा जुळवला असेल तर तेवढंच लिहा, ते पुष्कळ आहे.

प्रत्येक कामाचा आकडा निघत नाही, आणि ओढूनताणून आणलेला आकडा लगेच ओळखू येतो. तिथे कामाचा आवाका सांगावा: महिन्याला साधारण किती बिलं, किती शाखांचा हिशेब, वर्गात किती मुलं. एवढ्यानेही वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काम उभं राहतं.

लिओनार्दो दा विंचीने साधारण 1482 मध्ये, तिशीच्या आसपास असताना, मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागण्यासाठी पत्र तयार केलं होतं. त्यात हलवता येणारे हलके पूल, तोफा, झाकलेली युद्धवाहनं असं सगळं मुद्देवार आहे. चित्रकला अगदी शेवटाकडे येते. वाचणाऱ्याला युद्धाची चिंता होती, म्हणून हा क्रम. यातलं त्याने तोवर प्रत्यक्ष किती बांधलं होतं हा प्रश्न वेगळा. मला आवडतो तो पत्राचा शेवट: यातलं काही अशक्य वाटत असेल तर तुम्ही म्हणाल तिथे करून दाखवायला तयार आहे. त्याने वाचणाऱ्याची गरज पाहून क्रम लावला, तसा तुम्हीही जाहिरात समोर ठेवून क्रम बदला. एकच रेझ्युमे सगळीकडे पाठवणं मला पटत नाही.

आता थोडं यंत्राबद्दल. मोठ्या कंपन्यांत अर्ज बरेचदा आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन रकाने, तक्ते, चौकटी यांत मजकुराचा क्रम विस्कटू शकतो, हेडरमधला फोन नंबर गळू शकतो. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. तिथे सरळ वाचता आला तर बहुतेक ठीक. काहीच चिकटलं नाही तर ती फाइल म्हणजे नुसतं छायाचित्र आहे. जाहिरातीत ‘बँक रिकन्सिलिएशन’ (आपला हिशेब बँकेच्या नोंदींशी जुळवणं) असेल आणि तुम्ही ते केलं असेल, तर तोच शब्द वापरा.

वैवाहिक स्थिती, धर्म, वडिलांचा व्यवसाय हे मागितलेलं नसेल तर लिहू नका. त्यावरून उठणाऱ्या प्रश्नांचा कामाशी संबंध नसतो, आणि पूर्वग्रह किती सहज काम करतात हे नोंदलं गेलं आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्ट्रंड आणि मुल्लैनाथन यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगात साधारण 5000 रेझ्युमे पाठवले होते. गोऱ्यांची वाटणारी नावं असलेल्यांना कृष्णवर्णीयांची वाटणारी नावं असलेल्यांपेक्षा सुमारे 50 टक्के जास्त बोलावणी आली. नाव तर लिहावंच लागतं, पण बाकीचं आपण होऊन कशाला पुरवायचं?

मधली सुटलेली वर्षं मात्र लपवू नका. ‘2020 ते 2022: घरातील आजारी व्यक्तीची देखभाल’, एवढी एक ओळ पुरते. नुसती रिकामी जागा पाहून मी तर्क करत बसते, आणि तो तर्क तुमच्या बाजूचा असेलच असं नाही.

पहिल्यांदाच नोकरी शोधणारे म्हणतात, आमच्याकडे अनुभवच नाही. एका मुलाने छंदांच्या यादीत, क्रिकेटच्या खाली, ‘महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचा खजिनदार’ असं लिहिलं होतं. माझ्या पेन्सिलीची त्या पानावरची एकमेव रेघ तिथे पडली. बोलावल्यावर त्याने वर्गणीच्या पावत्या, आगाऊ दिलेल्या रकमा, शेवटी न जुळलेली रक्कम आणि ती कुठे सापडली ते सगळं धडाधड सांगितलं. हिशेबाच्या नोकरीसाठी ती ओळ सगळ्यात वर हवी होती.

पाठवण्याआधी रेझ्युमे तुमच्या क्षेत्राबाहेरच्या कोणाला तरी वाचायला द्या आणि प्रत्येक ओळीवर एक प्रश्न विचारायला सांगा. जिथे त्यांना काही सुचणार नाही, ती ओळ त्याच दिवशी पुन्हा लिहायला घ्या.