टर्कीची हाडं आणि पांढरा रस्सा

थँक्सगिव्हिंग या अमेरिकेतल्या सणाच्या गुरुवारी रात्री आठच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाजलेल्या टर्की पक्ष्याचा सांगाडा असतो. पाहुणे बाहेर कॉफी घेत गप्पा मारत असतात, नवरा भांडी विसळत असतो आणि मी बाह्या वर करून हाडांवरचं मांस सोडवत बसते. हे काम मांस कोमट असतानाच करायचं. एकदा गार झालं की ते हाडाला घट्ट धरून बसतं आणि ओढून ओढून त्याच्या चिंध्या होतात. पक्षी पालथा केला की पाठीवर, मांडीच्या सांध्याच्या जरा वर, हाडाच्या खळगीत दोन बाजूंना दोन गोल तुकडे दडलेले सापडतात. सुरी तिथं नीट पोचत नाही, अंगठा घालून ते अलगद उचलून काढावे लागतात. सबंध टर्कीत इतकं मऊ, रसाळ मांस दुसरं नाही. एक तुकडा लेकीला, एक लेकाला. दोघं त्यासाठी टेबलाशी येऊन उभीच असतात.

आम्ही मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहराजवळ राहतो. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार म्हणजे इथली दिवाळीच. राष्ट्राध्यक्ष लिंकननं १८६३ साली यादवी युद्ध चालू असताना देशभरानं हा दिवस पाळावा असं जाहीर केलं, आणि चौथा गुरुवार कायद्यानं पक्का झाला तो १९४१ साली. टर्कीपालनात मिनेसोटा हे अमेरिकेतलं पहिल्या क्रमांकाचं राज्य, त्यामुळे इथं दुकानात टर्कीचे नुसते ढीग असतात. आम्ही दहा माणसांसाठी सोळा पौंडांची आणतो, म्हणजे सव्वासात किलोची. फ्रीजमध्ये ती वितळायलाच चार दिवस लागतात आणि ओव्हनमध्ये भाजायला चार तास. हिशेब केला तर दहा जणांना ती जास्तच होते. पण इथं कुणी बेताची टर्की आणत नाही. उरावी म्हणूनच मोठी आणतात, हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या वर्षी मी स्वतः टर्की भाजली तेव्हा जेवणं झाल्यावर छातीचे काप डब्यात भरले आणि राहिलेला सांगाडा सरळ कचऱ्याच्या पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या आजी थाळी परत द्यायला आल्या. त्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढं. आईवडील नॉर्वेहून आलेल्या शेतकरी कुटुंबांतले, सगळं बालपण दूधदुभत्यात गेलेलं. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, ‘हाडं शिजायला टाकलीस का?’ मी म्हटलं, टाकून दिली. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त त्यांनी हातातली थाळी ओट्यावर ठेवली आणि क्षणभर तिच्याकडेच बघत राहिल्या. मला अंगावर काटा आला, कारण ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. पानात भात टाकून उठलं की माझी आजी अगदी असंच पानाकडे बघायची.

आणि मी कोल्हापूरची. आमच्याकडे मटणाचं पातेलं चुलीवर चढलं की आधी निघते ती अळणी. तिखट-मीठ पडायच्या आधीचं ते हाडांचं पाणी लहान मुलांना, आजारी माणसाला भातावर घालून देतात. मग त्याचाच पांढरा रस्सा, त्याचाच तांबडा. हाडातून काय निघतं हे ज्या घरात पोरांना बोलायला लागायच्या आधी कळतं, त्या घरातली मी, आणि परदेशात येऊन सात किलोच्या पक्ष्याची हाडं कचऱ्यात घालून मोकळी झाले. ते मला बरेच दिवस लागून राहिलं.

पुढच्या वर्षी आजींनी मला त्यांच्याकडे बोलावलं आणि शिकवलं. गुरुवारी रात्री मांस सोडवायचं, हाडं झाकून फ्रीजमध्ये. शुक्रवारी सकाळी, सगळं गाव सेलच्या रांगेत असताना, हाडं मोडून मोठ्या भांड्यात घालायची. ती बुडतील इतकं गार पाणी, सालासकट अर्धा केलेला कांदा, गाजर, सेलरीचे दोन दांडे, तमालपत्र, दहाबारा मिरे. मीठ अजिबात नाही, कारण टर्की आधीच मिठाच्या पाण्यात मुरवलेली असते आणि पाणी आटेल तसा खारटपणा वाढत जातो. पोटात भरलेल्या पावाच्या सारणाचे तुकडे हाडांना चिकटलेले असतात, तेही काढून टाकायचे, नाहीतर पाणी गढूळ होतं. मग मंद आच. इतकी मंद की मध्येच एखादाच बुडबुडा वर यावा. तीन-चार तासांनी गाळलं की सोन्याच्या रंगाचं पाणी मिळतं, आणि रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं की ते खरवसासारखं थिजतं. आजींनी त्यावर चमचा टेकवून ते कसं थरथरतं ते मला दाखवलं. थरथरलं म्हणजे हाडांनी आपलं काम केलं.

त्या पाण्याचं त्या जे करतात ते अस्सल मिनेसोटाचं आहे: टर्की आणि वाइल्ड राइसचं सूप. वाइल्ड राइस हा आपला तांदूळ नव्हे. तळ्याच्या उथळ पाण्यात वाढणाऱ्या गवताचे ते लांब, काळपट दाणे. इथले मूळचे ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात. इथला उन्हाळा सरता सरता ते होडीतून जातात, एकजण होडी ढकलतो आणि दुसरा दोन काठ्यांनी लोंब्या वाकवून हळूच झोडपतो. पिकलेले दाणे होडीत पडतात आणि काही पाण्यात, तेच पुढच्या वर्षीचं बी. दुकानात मिळतो तो काळाकुळकुळीत, चकचकीत वाइल्ड राइस बहुतेक वेळा शेतात लावलेला असतो आणि शिजायला तासभर घेतो. तळ्यातला, हातानं झोडपलेला दाणा फिकट तपकिरी, लवकर शिजणारा आणि त्याला धुराचा वास असतो. आजी दरवर्षी ओजिब्वे लोकांकडूनच तो घेतात. थँक्सगिव्हिंगची शाळेत सांगतात ती गोष्ट १६२१ सालच्या प्लिमथ गावातल्या मेजवानीची, इंग्लंडहून आलेले वसाहतवाले आणि मूळनिवासी एकत्र जेवले त्याची. त्याच प्लिमथला १९७० पासून याच गुरुवारी मूळनिवासी लोक जमून शोकदिन पाळतात. त्या जेवणानंतर त्यांच्या वाट्याला काय आलं, हे माहीत झाल्यावर तो धुराचा वास मला सणाच्या घासाबरोबर विसरता येत नाही, आणि विसरूही नये असं वाटतं.

सूप सोपं आहे. लोण्यावर कांदा, गाजर, सेलरी आणि मश्रूम परतायचे, दोन चमचे मैदा भुरभुरवायचा, हाडांचं पाणी घालायचं, वेगळा शिजवलेला वाइल्ड राइस आणि मांस घालून शेवटी थोडी साय. बाहेर उणे आठ असताना हे वाडगं हातात धरलं की बोटांना आधी बरं वाटतं, जिभेला मग.

माझ्या घरी मात्र त्याच पाण्याचा पांढरा रस्सा होतो. तीळ, खसखस, काजू आणि ओलं खोबरं बारीक वाटून, तुपावर वेलची, लवंग, दालचिनी, मिरे आणि आलं-लसणाची गोळी परतायची. वाटण घालायचं, पण त्याचा रंग बदलू द्यायचा नाही. मग हाडांचं गरम पाणी, आणि अगदी शेवटी नारळाचं दूध. दूध पडल्यावर खळखळून उकळी आली की रस्सा फुटतो, म्हणून मी तेवढा वेळ गॅसपासून हलत नाही. मटणाचा अंगचा तुपकटपणा टर्कीला नाही, तो काजूनं थोडा भरून निघतो. तांबडा मी करून बघितला, पण टर्कीचा स्वाद तिखटात हरवून जातो. पांढऱ्यात तो राहतो.

आईला हे सगळं पटत नाही. इथं शुक्रवारी रात्रीचे नऊ वाजलेले असतात, तिथं कोल्हापुरात शनिवारी सकाळचे साडेआठ. व्हिडिओ कॉलवर पातेलं दाखवलं की तिचा पहिला प्रश्न, ‘काल रात्रीचंच ना गं? शिळं कशाला खाता पोरांनो?’ मी तिला समजावते. आपल्याकडे उष्टं वेगळं, शिळं वेगळं, खरकटं वेगळं आणि उरलेलं वेगळं. कुणी तोंड लावलेलं उष्टं, रात्र उलटलेलं शिळं. इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द, ‘लेफ्टओव्हर्स’, आणि इथं त्याला कमीपणाही नाही. उलट पाहुणे घरून रिकामे डबे घेऊन येतात आणि निघताना यजमानीण त्यात टर्कीचे काप, ग्रेव्ही, ‘पाय’ नावाच्या गोड पदार्थाचे तुकडे भरून देते. मला पहिल्यांदा तो डबा पुढं करताना लाज वाटली होती. मग आठवलं, लग्नघरातून निघताना आपणही लाडू-चिवड्याची पिशवी घेतोच की.

आईची काळजी मात्र खोटी नाही, आणि त्याबाबतीत मी तिच्या इतकीच कडक आहे. टर्की ओव्हनमधून निघाल्यापासून दोन तासांच्या आत सगळं फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे. मांस हाडावरून काढून उथळ डब्यांत, म्हणजे आतपर्यंत लवकर गार होतं. भलंमोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ठेवलं तर त्याचा मधला भाग कितीतरी तास कोमटच राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस, त्यापुढचं फ्रीझरमध्ये. पुन्हा गरम करताना आतपर्यंत १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस, आणि रस्सा असेल तर चांगली उकळी. हे नियम सरकारी खात्याचे आहेत. इथं बरेचजण थंडीत गॅरेजलाच फ्रीज समजून पातेली तिथं ठेवतात. पेयांचं ठीक आहे, पण मांस मी तिथं ठेवत नाही. एका दुपारचं ऊनही गॅरेज तापवायला पुरतं.

छातीचं मांस कोरडं असतं, म्हणून ते पुन्हा शिजवायचं नाही, नुसतं गरम करायचं. कांदा, सुकं खोबरं आणि आमची कांदा-लसूण चटणी परतून, दोन पळ्या हाडांचं पाणी घालून मसाला सैल करायचा आणि अगदी शेवटी मांस घालून झाकण ठेवायचं. पाच मिनिटं जास्त झाली की त्याचा चोथा होतो. मांडीचं काळपट मांस ते सहन करतं, त्याचं सुकं छान होतं.

बाकीच्याची सोय आपोआप लागते. पावाचं उरलेलं सारण तव्यावर मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत परतलं की फोडणीच्या पोळीची सख्खी बहीण. भोपळ्याचा डबा फोडून ‘पाय’ला अर्धाच लागतो, राहिलेल्या गरात गूळ आणि कणीक घालून शनिवारी घाऱ्या. क्रॅनबेरीच्या सॉसला मी मिरची-हिंगाची फोडणी देते. मार्शमेलो घातलेल्या रताळ्यांचं काही होत नाही, ती मुलं थंडच खातात.

एक गंमत या निमित्तानं सांगायची राहिली तर मला चैन पडणार नाही. हा पक्षी आपल्याकडे फार जुना आहे. १६१२ साली जहांगीरचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून, पोर्तुगिजांच्या बंदरातून, नवलाचे प्राणी घेऊन दरबारात गेला, त्यात टर्की होती. बादशहानं आपल्या आठवणींत तिच्या डोक्याचे रंग कसे पालटतात ते बारकाईनं लिहून ठेवलंय आणि चित्रकार मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. मूळची अमेरिकेची, नाव तुर्कस्तानचं, तुर्क तिला ‘हिंदी’ म्हणतात आणि पोर्तुगीज ‘पेरू’. माझ्या ओट्यावर ती वाटण-खोबऱ्यात शिजते तेव्हा मला ती परकी वाटतच नाही.

आजी आता ऐंशी पार झाल्या. संधिवातानं त्यांची बोटं वाकलीत, हाडांवरचं मांस सोडवणं त्यांना होत नाही. पण बटाट्याची लेफ्सा त्या अजून स्वतः लाटतात. उकडलेला बटाटा, लोणी आणि मैद्याची ती पातळ पोळी, उलटायला लांब चपटी लाकडी काठी लागते. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा ओरडलेच होते, ही तर पोळी! त्या लेफ्सात लोणी लावून, टर्कीचा काप आणि क्रॅनबेरी गुंडाळून शुक्रवारी दुपारी खायची, हा त्यांच्या घरचा नेम आता आमच्याही घरचा झालाय.

गेली दोन वर्षं गुरुवारी रात्री त्यांचा मुलगा फॉइलनं झाकलेला ट्रे घेऊन आमच्या दाराशी येतो. त्यात आजींच्या टर्कीची हाडं असतात आणि वर त्यांचं ते जुनं, कान ढिले झालेलं भांडं. मग शुक्रवारी माझ्या शेगडीवर दोन भांडी शेजारी शेजारी रटरटतात, एकात सेलरी, एकात वेलची-लवंग. संध्याकाळी डब्यांवर चिठ्ठ्या लावून तारीख घालते. आजींच्या डब्यांवर सूप, आमच्यावर रस्सा. रविवारी डबे पोचवायला गेले तर आजींनी आपले दोन ठेवून घेतले, तिसरा माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाल्या, ‘याच्या बदल्यात तो पांढरा दे.’