तुम्ही विचारलंत म्हणून: रविवारच्या ग्रुप फोटोत आम्ही चौघं का नव्हतो

रियुनियनचा विषय निघाला की मला हाच प्रश्न येतो. ग्रुपवर येतो, फोनवर येतो, परवा तर ठाणे स्टेशनच्या ब्रिजवर एकाने ऐन गर्दीत थांबवून विचारला. गेल्या रियुनियनला रविवारी सकाळी आपल्या पुण्याच्या कॉलेजच्या पायऱ्यांवर सगळ्यांचा फॅमिलीसकट फोटो होता, तेव्हा तुम्ही चौघं कुठे होतात, रागावून गेलात का, आणि चर्चलाच गेला असाल तर एक रविवार बुडाला म्हणून काय बिघडणार होतं? आजवर मी "अरे मिस्साला गेलो होतो" एवढं म्हणून विषय बदलायचे. आता पुढच्या रियुनियनची तारीख ठरतेय आणि परत तेच सुरू झालंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, आम्ही बुडवत नाही. आजारपण असेल, आडगावात अडकलो असू आणि आसपास चर्चच नसेल तर गोष्ट वेगळी, पण पुण्यात चर्च मिळालं नाही असं मी कुठल्या तोंडाने सांगू? तुमच्यातल्या एकाने शोधून मला पाठवलं की शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरतात. धरतात, बरोबर आहे, आणि आमचं ठरलंही तसंच होतं. पण पहाटे निघूनही घोडबंदरला अडकलो, मग खंडाळ्याच्या घाटात अडकलो, पोचलो तेव्हा तुमची जेवणं उरकत आली होती, आणि संध्याकाळी नेमकं मिस्साच्या वेळेला तुम्ही मला फिशपॉण्ड वाचायला उभं केलंत, कारण कॉलेजातही मीच वाचायचे. मला उभं राहायचंच होतं, हेही खरं. नवरा म्हणाला तू थांब, आपण उद्या सकाळी सगळे मिळून जाऊ. तो दिवसभर अनोळखी माणसांत बसून होता आणि दर दोन-तीन माणसांमागे एकाला सांगत होता की आम्ही गोव्याचे नाही, वसईचे, आणि घरी इंग्लिश नाही, आमची सामवेदी बोली बोलतो.

फिशपॉण्ड छान झाले. त्यानंतरचं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवतही नसेल, पावभाजीच्या काउंटरजवळचं. पाण्याच्या स्टीलच्या पिंपाचं झाकण उघडं होतं, माझा धाकटा एका हातात डिश घेऊन ग्लास भरायला गेला आणि डिशमधला पाव घसरून पिंपात पडला. पोर घाबरलं. आणि मागून आवाज आला, "बघा रे, वसईकरांनी पाण्यात पाव टाकला, आता सगळे बाटलो!" एवढा हशा पिकला की मंडपातले लोक वळून बघायला लागले. कोणीतरी आपल्या मुलाच्या हातातला ग्लास खोटं खोटं हिसकावून घेतला, अजून हशा. ज्याने म्हटलं त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. मी आजारी असताना हॉस्टेलवर डबा आणून देणारा मुलगा तो. त्याचं नाव इथे नाही आणि कोणी विचारूही नका.

मी पण हसले.

हसले कारण हा विनोद माझ्या ओळखीचा होता, फर्स्ट इयरपासूनचा. मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारलं होतं की तुमच्या विहिरीत पाव टाकला होता ना, आणि मी ठरवून टाकलं की पुढच्या वेळी हे दुसऱ्याने म्हणायच्या आत मीच म्हणायचं. म्हणायचे. पाव हातात घेऊन म्हणायचे, पाणी सांभाळा रे. सगळे हसायचे, मी त्यांच्यातली व्हायचे, आणि खरंच झाले, ती मैत्री खोटी नव्हती. सेकंड इयरला भीमाशंकरला गेलो होतो तेव्हा चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेनंतर तिकडच्या चर्चमधून आलेली घंटा तिथे आहे हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि तुम्ही मला त्या घंटेपाशी उभं करून हौसेने फोटो काढला होता, तो अजून माझ्या कपाटात आहे. मग तेव्हाची ती मुलगी चुकली का? माझी लेक म्हणते चुकली. मला तसं वाटत नाही. सतरा-अठराव्या वर्षी घरापासून लांब, अख्ख्या बॅचमध्ये एकटी कॅथलिक, तिने आपली वाट काढली. पण त्या संध्याकाळी मी सतरा वर्षांची नव्हते आणि समोर माझी मुलं होती, याला माझ्याकडे उत्तर नाही.

रात्री खोलीत गेल्यावर धाकट्याने विचारलं, मम्मी, पाण्यात पाव पडला तर काय होतं? मी काही बोलायच्या आत मोठी म्हणाली, काही होत नाही रे, लोकं म्हणतात आपण असेच ख्रिश्चन झालो. पाव खाऊन? हो, पावाचं पाणी पिऊन. तो बराच वेळ गप्प बसला. त्याचं ते फर्स्ट कम्युनियनचं, म्हणजे मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर घ्यायचं वर्ष होतं, कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला, दर रविवारी हात कसे धरायचे, आमेन कधी म्हणायचं याची प्रॅक्टिस चालू होती, घरी पण आरशासमोर करायचा. मग म्हणाला, मे महिन्यात मला देणार ती पण भाकरच आहे ना, मग ते पण हसतील का?

नवरा उठून बाल्कनीत गेला. आणि मोठीने, नववीतल्या मुलीने, माझ्याकडे सरळ बघून विचारलं, तू का हसलीस?

मी इतिहास सांगायला लागले, बोलायला दुसरं काही सुचलं नाही म्हणून. की 1534 ला वसई पोर्तुगीजांकडे गेली ती 1739 पर्यंत, दोनशे वर्षं. त्यात जबरदस्ती झाली, कोणी जमिनीसाठी झालं, कोणी मनापासून झालं, आपल्या घरात कोण कशासाठी झालं याचा कागद कुठे नाही. की वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया 1597 ला नागासाकीला क्रुसावर मेला, त्याला कोणी पाव भिजवून पाठवलं नव्हतं. की चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला तेव्हा पोर्तुगीज निघून गेले, त्यांची सत्ता गेली, आपण मात्र तिथेच शेती करत राहिलो आणि ख्रिश्चनच राहिलो, आता कोणाची जबरदस्ती होती? आणि ती विहिरीची गोष्ट खरी धरली तरी नीट ऐक, पाव टाकणाऱ्याने कोणाला ख्रिश्चन केलं नाही, ते पाणी प्यायलेल्यांना आता घरात घेणार नाही म्हणणाऱ्यांनी केलं. हे सगळं मी तिला फार आवेशात सांगितलं. ती म्हणाली, मग हे तिथे का नाही बोललीस?

सकाळी लवकरची मिस्सा गाठून फोटोला परत येता आलं असतं. नवऱ्याने अलार्म लावला होता, तो मी बंद केला. म्हणजे तुम्ही विचारता तसं रागावून गेलो का, तर नाही, मिस्साला गेलो, तिथे जायचंच होतं. पण ती वेळ मी निवडली. त्यात राग होता, लाज होती, मुलांना त्या पायऱ्यांवर उभं करून हसा म्हणून सांगायची तयारी नव्हती. यातलं काय किती, ते मलाच धड सांगता येणार नाही.

क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला गेलो. मी हॉस्टेलवरून तिथेच जायचे. त्या चर्चला जागा 1792 ला पेशव्यांनी दिली, सवाई माधवरावांच्या काळात, त्यांच्या फौजेतल्या ख्रिश्चन लोकांसाठी. हॉस्टेलमध्ये असताना मला या गोष्टीचा फार आधार वाटायचा, ज्या पेशवाईने आमच्याकडे पोर्तुगीजांना हरवलं त्याच पेशवाईने इथे प्रार्थनेला जागा दिली. त्या रविवारी मुलांना सांगितलं तर मोठीने नुसतं ऐकून घेतलं. मिस्सा इंग्लिशमध्ये होती, धाकट्याला इंग्लिश उत्तरं येत नव्हती, तो हळू आवाजात मराठीतूनच म्हणत होता, पुढच्या बाकावरची आजी वळून त्याच्याकडे बघून हसली आणि तो एकदम माझ्या हाताला बिलगला. त्या हसण्यात प्रेमच होतं, पण त्याला कसं कळणार.

परत आलो तर फोटो झाला होता, मिसळ संपत आली होती, आणि पहिलाच प्रश्न, "काय, फादरने सोडलं का?" आम्ही दुपारच्या जेवणाला थांबलो नाही.

हे वाचून काही जण म्हणणार की एवढ्याशा विनोदाचं एवढं. 2020 ला आमच्या वसईचे धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तेव्हा याच ग्रुपवर "आपल्या वसईच्या मुलीचं अभिनंदन" असंही आलं आणि "मराठीत दुसरं कोणी नव्हतं का" असंही आलं. मी दोन्हीला अंगठा दिला होता. लेकीने ते नंतर माझ्या फोनमध्ये बघितलं.

माझी कोणाकडून माफीची अपेक्षा नाही, ज्याने म्हटलं त्याच्याकडून तर नाहीच, त्याला मी फोन करून बोललेय, तो बराच वेळ काही बोललाच नाही आणि मग म्हणाला तू तर स्वतःच म्हणायचीस. म्हणायचे. ते माझं मी म्हणायचे, यापलीकडे मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही ते पुरेसं वाटत नाही.

या वेळी फोटो शनिवारी दुपारी काढता आला तर बघा, किंवा रविवारी अकरानंतर. मी येणार आहे, येताना राजेळी केळ्यांची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आणीन, आमच्या वसईजवळच्या निर्मळच्या यात्रेत घेतलेली आहे. नवरा येईल. धाकटा यायचं म्हणतोय, त्याला तुमच्या मुलांबरोबर क्रिकेट खेळायचंय. मोठी नाही म्हणते. तिला आग्रह करावा की नाही यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे, आणि एक दिवस मी तिच्या बाजूने असते, दुसऱ्या दिवशी तुमच्या.