तुम्ही विचारलंत म्हणून: फोन खाली ठेवणारा मोडेम

इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या ओळखीत कुणी बेसमेंटमधल्या कॉम्प्युटरवर होमसीअरसारखं, घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर बसवलं, की महिन्याभरात मला विचारणा होते. "दिवे आले, थर्मोस्टॅट आला. आता लँडलाइन जोडायचीय, म्हणजे बाहेरून फोन करून घर चालवता येईल. व्हॉइस मोडेम कुठला घेऊ?" व्हॉइस मोडेम म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या लाइनवर बोलू आणि ऐकू देणारा मोडेम. परवा पुन्हा विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहूनच ठेवतो.

फोन तर कुठलाही मोडेम उचलतो. पलीकडच्या माणसानं फोन ठेवला हे त्याला कळतं का आणि कळल्यावर तो लाइन सोडतो का, हे आधी बघा.

मी हे 2004 च्या जानेवारीत शिकलो. बाहेर बर्फ होतं. सकाळी अकराला ऑफिसमधून घरी फोन केला, मोडेमनं उचलला, एक दाबून खालची हीट वाढवली आणि मेनू संपायच्या आत फोन ठेवून दिला. संध्याकाळी पाचला घरी आलो आणि स्वयंपाकघरातला फोन उचलला. डायलटोन नाही. बायकोच्या आवाजात आम्हीच रेकॉर्ड केलेलं वाक्य ऐकू येत होतं: "एक दाबा, खालची हीट. दोन दाबा, वरची हीट." थोडं थांबून पुन्हा तेच. सहा तास ते कुणालाच सांगणं चाललं होतं. त्याच सहा तासांत साताऱ्याहून भाऊ फोन लावत होता. बाबांना छातीत दुखतं म्हणून रात्री ॲडमिट केलं होतं. माझा मोबाइल नंबर त्याच्याकडे नव्हता आणि घरचा फोन सतत एंगेज. बाबा त्यातून बरे झाले. पण ती रात्र भावानं एकट्यानं काढली आणि ते मला अजून लागतं.

झालं काय होतं? तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजकडून 48 व्होल्ट येतात. समोरच्यानं फोन ठेवला की इथली बहुतेक एक्स्चेंजेस लाइनचा करंट क्षणभर, सेकंदाहूनही कमी वेळ, तोडतात. आन्सरिंग मशीनला एवढी खूण पुरते. माझ्या स्वस्तातल्या मोडेमला ती टिपता येत नव्हती. मग सॉफ्टवेअरला शांततेवरून किंवा एंगेज टोनवरून अंदाज बांधावा लागतो. आणि मोडेम स्वतः बोलत असताना ऐकू शकत नसेल, तर तोही अंदाज चुकतो.

म्हणून मोडेम आणलात की पहिल्याच दिवशी ही परीक्षा घ्या. मोबाइलवरून घरी फोन करा, मोडेम बोलायला लागला की वाक्याच्या मध्येच काही न बोलता ठेवून द्या. अर्ध्या मिनिटानं पुन्हा लावा. एंगेज लागला, पुन्हा करून पाहिलं तरी लागला, तर मोडेम खोक्यात भरा आणि परत करा. पावती जपून ठेवा.

बाकीचं त्यामानानं सोपं. खोक्यावरच्या 56K वर जाऊ नका, तो डेटाचा वेग आहे, आवाजाला त्याचा उपयोग नाही. टेलिफोनच्या आवाजाला सेकंदाला 8000 नमुने, म्हणजे आवाजाची तितकी मापं, पुरतात. मोडेमला थेट आज्ञा देणाऱ्या टर्मिनल प्रोग्राममध्ये AT+FCLASS=? असं टाइप करा. उत्तरात 0 म्हणजे डेटा, 1 म्हणजे फॅक्स, 8 म्हणजे व्हॉइस. 8 नसेल तर तो मोडेम आपल्या कामाचा नाही. 8 असूनही सॉफ्टवेअरला आवाज सापडत नसेल, तर विंडोजनं बहुधा 'स्टँडर्ड मोडेम'चा ड्रायव्हर लावलाय. कंपनीचाच ड्रायव्हर टाका. आज यूएसबीचा घ्यायचा झाला तर कोनेक्संटच्या सीएक्स 93010 चिपवाला बघा, त्यात व्हॉइस असतो. सगळं काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर ढकलणारे विनमोडेम मात्र घेऊ नका.

त्या जानेवारीनंतर मी मोडेमच सोडला आणि वे-टू-कॉलचा हाय-फोन घेतला. तो मोडेम नाही, फक्त टेलिफोनीसाठी केलेली डबी आहे. एका बाजूनं भिंतीतली लाइन, दुसऱ्या बाजूनं घरातला फोन. त्यामुळे बाहेरून फोन न करता घरातलाच रिसीव्हर उचलून कॉम्प्युटरशी बोलता येतं. आई सहा महिने आमच्याकडे राहायला आली तेव्हा याचं मोल कळलं. तिला इंग्रजी स्क्रीन नको वाटायचा, फोन मात्र हातातला. पहाटे उठून ती स्वयंपाकघरातला फोन उचलायची. "चार दाबा, देवघरातला दिवा" हे पूर्ण ऐकून घ्यायची आणि मगच चार दाबायची. मराठी बोलणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे नव्हतं, म्हणून सगळी वाक्यं घरच्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केलेली. तुम्हीही तसंच करा. जुन्या सामानात हाय-फोन चालू अवस्थेत मिळाला तर सोडू नका.

आता तुमच्यापैकी बऱ्याच जणांची लँडलाइन इंटरनेटच्या डबीतून येते. तिथे करंट तोडायचं काम त्या डबीचं. काही अडॅप्टरमध्ये, म्हणजे अशा डब्यांमध्ये, करंट किती वेळ तोडायचा हे ठरवणारी 'सीपीसी ड्युरेशन' (CPC Duration) नावाची सेटिंग असते. ती शून्यावर असेल तर कितीही चांगला मोडेम लाइन धरून बसेल. आधी ती बघा, अर्ध्या सेकंदापासून सुरू करा आणि मग मोबाइलची ती परीक्षा पुन्हा घ्या.